अक्षरांच्या अंगावरचं सोनं

लग्नाच्या व्हिडिओत सगळ्यांत जास्त सोनं कोणाच्या अंगावर असतं, असं विचारलं तर तुम्ही वधूचं नाव घ्याल. फार तर वरमाईचं. साफ चूक! सगळ्यांत जास्त सोनं असतं ते सुरुवातीला गिरक्या घेत येणाऱ्या अक्षरांच्या अंगावर. ‘शुभविवाह’ ह्या पाच अक्षरांवर जेवढं सोनं चढवलेलं असतं, तेवढं आमच्या शाखेच्या सोनेतारण कपाटात पेरणीच्या दिवसांतही जमा होत नाही.

पूर्वी टायटल म्हणजे काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं. पाटी कॅमेऱ्यासमोर धरली की काम झालं. आता अक्षराला जाडी आली. ॲपलच्या फायनल कट प्रो ह्या सॉफ्टवेअरमध्ये २०१५ साली त्रिमितीय शीर्षकं आली, तेव्हापासून तिथे एका अक्षराला पाच अंगं आहेत: दर्शनी भाग, त्याची कड, बाजू, मागची कड आणि पाठ. प्रत्येक अंगाला वेगळा पोत, म्हणजे टेक्श्चर, लावता येतो. पाठ कुणाला दिसत नाही. पण हौसेला मोल नसतं, तिलाही संगमरवर!

व्हिडिओ जुळवणाऱ्या एका मुलाशेजारी मी दोन संध्याकाळी बसलो होतो. त्याने विचारलं, “काका, काय लावू? सोनं, संगमरवर, सागवान, का गंजलेलं लोखंड?”

मी म्हटलं, “अरे, लग्नाला गंजलेलं लोखंड कोण लावतं?”

“लग्नाला नाही काका. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लावतात.”

माझी तक्रार पोताबद्दल नाही, तो लावण्याच्या रीतीबद्दल आहे. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, तेव्हा तक्रारीही खातेनिहाय मांडतो.

पहिलं खातं मापाचं. पोत म्हणजे शेवटी एक चित्र. ते अक्षरावर चादरीसारखं पसरलं जातं. सागवानाची एकच रेषा अक्षरभर पसरली, तर अक्षर आगकाडीच्या तुकड्याएवढं वाटतं. रेषा बारीक केल्या, तर तेच अक्षर वाड्याच्या दरवाजाएवढं थोर दिसतं. चित्र लहानमोठं करायला, फिरवायला, सरकवायला बटणं दिलेली असतात. पण त्यांना हात लावतो कोण? रेडिमेड कपड्याची बाहीसुद्धा आपण कमी करून घेतो. इथे मात्र दुकानातून आलेलं तसंच अंगावर.

दुसरं खातं खुद्द सोन्याचं. सोनं म्हणजे पिवळा रंग, अशी पुष्कळांची समजूत आहे. धातूची चमक ही त्याची स्वतःची नसते. आजूबाजूचा उजेड, खिडकी, दिवे, माणसं ह्यांचं प्रतिबिंब त्यात पडतं, म्हणून तो धातू वाटतो. संगणकातल्या अक्षराभोवती प्रतिबिंब पडायला काहीच ठेवलं नाही, तर सोन्याची मोहरी होते. त्याभोवती खोटं का होईना, एक आकाश किंवा दिवाणखाना मांडावा लागतो. एकट्याने चमकणं सोन्यालाही जमत नाही, हे मला त्या संध्याकाळी समजलं.

तिसरं खातं आपल्या देवनागरीचं. फाँटमध्ये अक्षर आणि काना-मात्रा बहुधा वेगवेगळे आखलेले असतात आणि शिरोरेघेवर एकमेकांवर चढतात. सपाट लिहिलं तर कळत नाही. पण जाडी दिली, कडा तासल्या, की सांधे उघडे पडतात. त्यातून पोत प्रत्येक अक्षराला स्वतंत्र लावला, तर अखंड शिरोरेघेचे तुकडे होतात. इंग्रजी अक्षरं सुटीसुटी राहणारी. आपली एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एकत्र नांदणारी. तीन-तीन वेळा सांधे बुजवावे लागतात. स्टुडिओवाल्याला लग्नसराईत तेवढा वेळ कुठला?

पोत शोभतो कुठे? ‘बेन-हर’च्या १९५९ च्या पोस्टरवर अक्षरं दगडात कोरलेल्या प्रचंड वास्तूसारखी आहेत. गोष्ट प्राचीन रोमन काळातली, तेव्हा दगड बोलतो. उलट १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये अक्षरं साधी पिवळी, दूर अंतराळात सरकत जाणारी. पोताचं नाव नाही, आणि जगभर ओळखली जातात. आपल्याकडे कमल शेडगे (१९३५–२०२०) ह्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरांच्या नुसत्या वळणातून नाटकाचा स्वभाव सांगितला. हाताशी काय, तर शाई आणि वर्तमानपत्राचा कागद!

पोताने कामही करावं. पाचशेच्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या उठावदार रेघा आहेत. दृष्टिहीन माणसाला बोटांनी नोट ओळखता यावी, म्हणून त्या आहेत. तो पोत डोळे नसलेल्यालाही वाचता येतो. आणि लग्नाच्या व्हिडिओतला?

माझ्या मावशीच्या नातवाच्या लग्नाचा व्हिडिओ आला. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ‘कै.’ लावून त्यांच्या आशीर्वादाचा उल्लेख टायटलात करायला सांगितलं होतं. मावशी पुढच्या खुर्चीत चष्मा पुसून बसली. नाव आलं. झेंडूच्या फुलांवर सोन्याची अक्षरं, स्वतःभोवती फिरणारी. चार सेकंदांत गेलीही.

“अरे, ह्यांचं नाव घातलंय म्हणाला होतास ना? कुठंय?”

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर ती म्हणाली, “चष्म्याचा नंबर वाढला असेल बाई माझ्या.”

नंबर वाढला नव्हता. सोनं वाढलं होतं. झेंडूचा पिवळा आणि अक्षरांचा पिवळा एक झाले होते. अक्षराच्या बारीक रेषांवर आधीच चमकेचे ठिपके, त्यात गिरकी. नाव घालायचं, ते वाचणाऱ्यासाठी; तिथे पोताने नावच गिळून टाकलं.

आमच्या शाखेत सोनेतारणाला दागिना आला, की सराफ आधी तो कसोटीवर घासतो. चकाकी बघून कर्ज देत नाहीत. टायटलालाही एक कसोटी सुचवतो. पोत काढून टाका. अक्षरं साधी पांढरी करा, मागे गडद रंग ठेवा आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला वाचायला सांगा. मग सोनं चढवा आणि त्याच माणसाला पुन्हा विचारा. दोन्ही वेळा नाव वाचलं, तर खुशाल ठेवा सोनं. वर हिरेही जडवा. दुसऱ्यांदा अडखळलं, तर मात्र सोनं उतरवा. माणसाचं नाव झाकणारं सोनं बावीस कॅरेटचं असलं, तरी माझ्या हिशेबी खोटंच!