प्रवासवर्णनाचा उत्तररंग

नशिराबादेत बाहेरगावाहून कुणी आलं की ओट्यावरचे दोन प्रश्न ठरलेले : कधी आला? आणि किती दिवस मुक्काम? तिसरा प्रश्न, तिथं काय काय पाहिलं, हा माणूस पहिल्यांदाच परदेशातून आला असेल तरच. दुसऱ्यांदा जाऊन आलेल्याला तो कुणी विचारत नाही. पाहायचं ते पहिल्या खेपेलाच पाहून झालं, अशी सर्वांची समजूत. मराठी प्रवासवर्णनाचीही तीच समजूत आहे, आणि ती त्याला महागात पडली आहे.

पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांची नावंच पाहा. ‘अपूर्वाई’ म्हणजे पूर्वी न घडलेल्याचं कौतुक. ‘पूर्वरंग’मध्ये पूर्वेकडचे देश आहेतच, शिवाय कीर्तनातल्या पूर्वरंगावर श्लेष आहे. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं. मग बुवा उत्तररंगाला लागतात आणि आख्यान सुरू होतं, म्हणजे माणसांची गोष्ट. आपल्या प्रवासवर्णनाचा पूर्वरंग भरघोस झाला. उत्तररंगाला मात्र आपण फारसे उभेच राहिलो नाही.

याला कारण होतं. ‘अपूर्वाई’च्या काळात परदेशप्रवास बहुतेकांना आयुष्यात एकदाच घडे. शिष्यवृत्ती, सरकारी काम किंवा प्रशिक्षण, आणि वर परकीय चलनावरचे निर्बंध. पुन्हा जाण्याची शाश्वती नसलेला माणूस सगळं एका दमात डोळ्यांत भरून घेणार, हे समजण्यासारखं आहे. त्या घाईतही पुलंनी माणसं टिपली, हे त्यांचं मोठेपण. पण ती भेटली एकदाच, म्हणून कायम त्याच वयाची आणि त्याच कपड्यांतली राहिली.

आता ते कारण उरलेलं नाही. आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यातही मुलाकडे, लेकीकडे दोन-तीनदा अमेरिकेला जाऊन आलेले आईवडील भेटतात. लिखाण मात्र अजून पहिल्या खेपेचंच. मीना प्रभूंनी देशामागून देश घेतले, पुस्तकामागून पुस्तक दिलं, आणि त्यांच्यामुळे घरबसल्या वाचकाचा नकाशा मोठा झाला. तरी मला ‘माझं लंडन’ वेगळं वाटतं, कारण ते राहिलेल्या गावाबद्दल आहे. नावातच ‘माझं’ आहे.

पहिल्या प्रवासात तुलना दोन देशांची असते : आपल्याकडे असं, त्यांच्याकडे तसं. दुसऱ्यांदा जुन्या मित्राच्या दारात उभं राहिलं की तुलना दोन काळांची होते. त्याचे केस गेलेले, घर लहान झालेलं, बायको वारलेली. आणि तोही आपल्याकडे बघत असतो. पहिल्या खेपेला फक्त आपण पाहणारे असतो, दुसऱ्या खेपेला आपणही पाहिले जातो. प्रवासवर्णनकाराला ही जागा अवघड वाटते, कारण तिथं विनोद आणि माहिती दोन्ही अपुरे पडतात.

परतणं आपल्याला लिहिता येत नाही, असं मात्र नाही. इथून जवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी माहेराची वाट कवितेत अजरामर केली. याच जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू’मधला खंडेराव मोहेंजोदारोहून मोरगावला परततो, आणि त्या परतण्यातून एवढी मोठी कादंबरी उलगडते. म्हणजे परतीचा आपला हात चांगला आहे. फक्त परतायचं ते आपल्याच घरी. परक्याच्या घरी पुन्हा जाणं, केवळ तो तिथं आहे म्हणून, हा विषय आपल्याला साहित्याचा वाटलेला नाही.

जुलै २०१९मध्ये तो विषय आपल्या दारात आला होता. केनियाचे खासदार रिचर्ड टोंगी पत्नीसह औरंगाबादला आले. १९८५ ते १९८९ या काळात ते तिथं शिकत होते आणि एका किराणा दुकानदाराचे दोनशे रुपये देणं राहून गेलं होतं. तीस वर्षांनी त्यांनी दुकानदाराला शोधलं, पैसे दिले. यजमान हॉटेलात जेवायला नेऊ पाहत होते, पण पाहुण्यांनी घरीच जेवायचा आग्रह धरला, असंही बातम्यांत आलं.

ही गोष्ट आपण प्रामाणिकपणाचा धडा म्हणून वाचली, फॉरवर्ड केली आणि विसरलो. मला त्यातलं घरचं जेवण दोनशे रुपयांपेक्षा मोठं वाटतं. कर्ज फेडायला मनीऑर्डरही चालली असती. या माणसाला त्या घरात पुन्हा बसायचं होतं. ऐंशीच्या दशकात मराठवाड्यातल्या शहरात आफ्रिकी विद्यार्थ्याला दिवस कसे गेले असतील, उधारीच्या वहीत त्याचं नाव कसं लिहिलं गेलं असेल, हे विचारायला एखादा लेखक तिकडे फिरकायला हवा होता. इथं परदेश म्हणजे आपणच होतो, आणि जुना स्नेही म्हणजे आपला किराणावाला. आख्यान तयार होतं, बुवाच आले नाहीत.

उलट बाजूनंही हिशेब मांडावा लागेल. आपल्या कितीतरी लेखकांना परदेशात कुणीतरी जेवू घातलं, थंडीत कोट दिला, स्टेशनवर सोडायला आलं. त्या माणसांना आपण एकेका प्रकरणात बसवलं आणि पुस्तक संपवलं. हीही उधारीच. ती फेडायची तर नव्या देशाचं तिकीट उपयोगाचं नाही. त्याच दारात पुन्हा जाऊन उभं राहावं लागेल, आणि परत आल्यावर ओट्यावर कुणीतरी विचारायला हवं : तुझी ती माणसं भेटली का?