गटचर्चेआधीचे एक मिनिट

वर्गात गट पाडले की विद्यार्थी आपोआप एकमेकांकडून शिकतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुधा एकजण उत्तर लिहितो आणि बाकीचे उतरवून घेतात. म्हणूनच हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांचे 'पिअर इन्स्ट्रक्शन' (१९९७) हे पुस्तक आपण शिक्षकांनी चिकित्सकपणे वाचायला हवे.

अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली, तर कोणाचे बल दुसऱ्यावर अधिक? बले सारखीच असतात. पण न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारे विद्यार्थीही अशा प्रश्नांवर चुकतात, हे मझूर यांना स्वतःच्याच वर्गात दिसले. तेव्हा १९९१ पासून ते व्याख्यान मध्येच थांबवून असा प्रश्न विचारू लागले. प्रत्येकाने मिनिटभर एकट्याने विचार करायचा, उत्तर नोंदवायचे, मग ते शेजाऱ्याला पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. शेवटी शिक्षक उलगडा करतात.

या पद्धतीचे मर्म चर्चेइतकेच तिच्या आधीच्या मिनिटात आहे, असे आम्हाला वाटते. ज्याने एक बाजू घेतली आहे, त्यालाच ती लढवता येते किंवा विचारपूर्वक सोडता येते.

पण हुशार शेजाऱ्याचे ऐकून मुले नुसतेच उत्तर बदलत असतील तर? ही शंका पुस्तकाने पुरती फिटत नाही. तिचा छडा कोलोरॅडो विद्यापीठातील एका अभ्यासाने लावला. तो २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथे आनुवंशिकीच्या वर्गात चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवला. सरासरी बरोबर उत्तरे चर्चेपूर्वी ५२ टक्के, चर्चेनंतर ६८ टक्के आणि नव्या प्रश्नाला ७३ टक्के होती. नुसती नक्कल नव्या प्रश्नाला कामी आली नसती.

पुस्तकाची मर्यादा वेगळीच आहे. त्यातले तयार प्रश्न महाविद्यालयीन आहेत आणि विद्यार्थी धडा वाचून येतील, हे त्यात गृहीत आहे. आपल्या नववीच्या भरगच्च वर्गात पर्याय दाखवायला छातीशी धरलेली बोटे पुरतात. प्रश्न मात्र आपल्यालाच घडवावे लागतील. व्याख्येत उत्तर सापडणारा प्रश्न दिला, तर गटातही पाठांतरच होईल.

वर फेकलेला दगड सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो. तेव्हा त्यावर बल असते का? उद्या एवढाच प्रश्न फळ्यावर लिहू या, आणि चर्चेआधी मिनिटभर वर्ग शांत ठेवू या.