नकाशा भरणे आणि नकाशा करणे

शालेय भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत नकाशाचा एक प्रश्न हमखास असतो. देशाचा आराखडा छापलेला असतो आणि खाली सूचना असते : पुढील घटक योग्य चिन्हे व सूची यांच्या साहाय्याने भरा. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे गुण पदरात पाडून घेतले. पण ‘नकाशा भरणे’ या शब्दप्रयोगाकडे क्वचितच कोणी थांबून पाहिले. काय दाखवायचे, काय गाळायचे, कोणत्या प्रमाणावर आणि कोणासाठी, हे सारे प्रश्न काढणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला उरते ती जागा अचूक हेरण्याची कामगिरी. नकाशाशास्त्र हे मुळात निवडीचे शास्त्र आहे, आणि आपण ते निवड वजा करून शिकवतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप एवढाच आहे.

या आक्षेपाची सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. महाविद्यालयात असताना मी माणदेशातल्या आमच्या गावाभोवतीच्या ओढ्यांचा नकाशा केला होता. आधाराला भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे पत्रक होते. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून ओढे उतरवले आणि सगळे निळ्या शाईने रंगवले. पाणी निळे असते हे कोणी सांगावे लागत नाही. शीर्षक, दिशा, प्रमाण, सूची असे सर्व काही जागच्या जागी होते. गुण चांगले मिळाले. सुट्टीत तो कागद चुलत्यांनी पाहिला आणि विचारले, “आरं, एवढं पाणी आपल्याकडं कुठनं आलं? मग आमी मुंबईची गिरणी कशाला धरली असती?”

मी मूळ पत्रक पुन्हा उघडले. तिथे आमच्या ओढ्यांच्या रेषा काळ्या होत्या. सर्वेक्षण विभागाच्या चिन्हपद्धतीत वर्षभर पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडा पडणारा प्रवाह काळा दाखवतात. ही खूण मी सूचीत वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. रेषा काढताना मात्र ती हातापर्यंत पोहोचली नाही. अवर्षणाच्या मुलखाचा नकाशा मी सुजलाम् करून टाकला होता, आणि तपासणाऱ्यालाही त्यात काही वावगे दिसले नव्हते. रंगाची निवड ही सजावट नसून विधान असते, हे मला वर्गाबाहेर कळले. पुढचे बहुतेक शिक्षण जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि ग्रंथालयांतून, जमेल तसे झाले.

त्या वाचनात दोन नावे पुन्हा पुन्हा भेटली. पहिले आर्थर रॉबिन्सन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्याच्या नकाशा विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लुक ऑफ मॅप्स’मध्ये त्यांनी अक्षरांचे वळण, रंग, मांडणी या गोष्टी आवडीनिवडीच्या कक्षेतून काढून उपयोगाच्या कसोटीवर आणल्या. दुसरे फ्रान्सचे जाक बेर्तँ. त्यांच्या १९६७च्या ग्रंथाने दृश्य चिन्हांचे जणू व्याकरणच मांडले : आकारमान, फिकट-गडदपणा, पोत, रंग, दिशा आणि आकार. यातले प्रत्येक साधन वेगळ्या प्रकारची माहिती सांगते. फिकट-गडदपणातून कमी-जास्त कळते. केवळ रंगबदलातून फक्त वेगळेपण कळते. म्हणून लोकसंख्येच्या घनतेसाठी लाल, हिरवा, निळा, पिवळा वापरणारा विद्यार्थी व्याकरणाचीच चूक करत असतो. हिरव्यापेक्षा पिवळा किती जास्त, याला डोळ्यापाशी उत्तर नसते.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. न्याय म्हणून सांगायला हवे की आपल्याकडे नववीच्या भूगोलात टिंब, क्षेत्रघनी आणि सममूल्य अशा वितरणाच्या नकाशांच्या तिन्ही पद्धती आहेत. यांतली क्षेत्रघनी पद्धत घेऊ आणि २०११च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे तेव्हाचे ३५ जिल्हे घेऊ. विद्यार्थ्याने एकूण लोकसंख्येनुसार छटा दिल्या, तर ४५ लाखांचा अहमदनगर जिल्हा गडद आणि सुमारे ३१ लाखांचा मुंबई शहर जिल्हा त्याहून फिकट दिसेल. आकडे खरे, नकाशा दिशाभूल करणारा. म्हणून क्षेत्रघनी नकाशात नुसती संख्या न भरता दर किंवा घनता भरायची असते. घनता काढली की चित्र उलटते : नगर दर चौरस किलोमीटरला २६६, मुंबई शहर १९,६५२.

पण खरी अडचण इथून पुढे सुरू होते. सर्वांत कमी घनता गडचिरोलीची, ७४. सर्वांत जास्त मुंबई उपनगरची, २०,९८०. या पल्ल्याचे सारख्या अंतराचे पाच वर्ग पाडले, तर पहिला वर्ग साधारण ४,२५० पर्यंत जातो. मुंबईचे दोन जिल्हे सोडून उरलेले ३३ जिल्हे त्या एकाच वर्गात पडतात आणि मधले तीन वर्ग रिकामे राहतात. सारा महाराष्ट्र एकाच फिकट छटेचा होतो. आणि जे दोन जिल्हे गडद, ते आकाराने इतके लहान की शेजारी चौकट करून मोठे दाखवल्याशिवाय दिसतही नाहीत. त्याऐवजी प्रत्येक वर्गात सात-सात जिल्हे बसवले तर नकाशा छान रंगीबेरंगी होतो. मात्र सर्वांत वरच्या वर्गात मुंबई उपनगरच्या शेजारी ३९३ घनतेचा नाशिक जिल्हा येऊन बसतो, त्याच गडद छटेत.

दोन्ही नकाशे त्याच आकड्यांवरचे. गणिताची चूक कशातच नाही. पहिला म्हणतो, राज्यात मुंबई आणि बाकी सगळे. दुसरा म्हणतो, घनता पायरीपायरीने वाढत जाते. कोणता खरा, हे प्रश्न काय विचारला आहे यावर ठरते. आणि तो प्रश्न विचारण्याची सवय ‘भरा’ या आज्ञार्थातून लागत नाही. आज क्यूजीआयएससारखी मोफत संगणक प्रणाली विद्यार्थ्याला उपलब्ध आहे, ही आमच्या पिढीला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे. तिथे वर्ग एका कळीवर पडतात. धोकाही तिथेच आहे : पूर्वी निर्णय परीक्षक घेई, आता यंत्र घेते.

नकाशाच्या राजकारणाविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. ब्रायन हार्ले यांनी १९८९ साली ‘डिकन्स्ट्रक्टिंग द मॅप’ या निबंधात नकाशाच्या तटस्थपणाच्या दाव्यालाच हात घातला; नकाशातले मौन सत्तेशी कसे जोडलेले असते, हे त्यांच्या लेखनामुळे अभ्यासकांना दिसू लागले. ही मांडणी मोलाची आहे. पण ज्याने स्वतः एकही नकाशा केलेला नाही, त्याच्या हाती ती पडली तर सगळ्याच गाळण्याचा संशय घेण्याची खोड लागते. १:५०,००० प्रमाणावर एक मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवरचे ५० मीटर व्यापते. आपल्या गावचा कोणता रस्ता ५० मीटर रुंद आहे? रस्ता दिसायचा तर तो फुगवावा लागतो. तो फुगला की कडेची घरे सरकवावी किंवा गाळावी लागतात. हे कारस्थान नव्हे, कागदाची मर्यादा आहे. मात्र त्या मर्यादेत मंदिर ठेवायचे की वस्तीची विहीर, हा निर्णय माणसाचा असतो, आणि जाब तिथे विचारायचा असतो. मर्यादा कुठे संपते आणि मर्जी कुठे सुरू होते, हे हाताने गाळून पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही.

म्हणून एक साधी सूचना. वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्याला कोरा कागद द्यावा. एकाच माहितीचे दोन नकाशे करायला सांगावे आणि प्रत्येकाने काय लपवले ते पाच ओळींत लिहायला लावावे. गुण त्या पाच ओळींना द्यावेत.

माझा तो ओढ्यांचा नकाशा मी पुढे काळ्या शाईने पुन्हा काढला. दिसायला तो पहिल्याइतका देखणा नव्हता. चुलत्यांनी बराच वेळ पाहिला, एका रेषेवर बोट ठेवले आणि म्हणाले, “ह्यो आपला.” पहिल्या नकाशात त्यांना तो ओढा सापडला नव्हता.