कापडावरची शाई, कापडातली शाई

फ्रेंच वेशकार ख्रिश्चन दिओर यांच्या १९५१ सालच्या ‘किप्रोको’ या पोशाखावर चिनी अक्षरे छापलेली आहेत. त्याचे छायाचित्र मी बरीच वर्षे जपून ठेवले होते. शाईच्या कुंचल्याची गती कापडावर कशी उतरते याचा नमुना म्हणून मित्रांना दाखवतही असे. मला चिनी वाचता येत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१५ साली चीन आणि पाश्चात्त्य फॅशन या विषयावर प्रदर्शन भरवले. त्यासंबंधी वाचताना कळले की, ही अक्षरे तांगकालीन सुलेखनकार झांग शू यांच्या पत्राची आहेत आणि पत्रात अचानक उठलेल्या पोटदुखीची तक्रार आहे. ‘किप्रोको’चा फ्रेंच अर्थच मुळी गैरसमज! त्या गैरसमजात मीही सामील होतो.

पोशाख वाचता आलाच पाहिजे, असा माझा हट्ट नाही. माझा आक्षेप निराळा आहे. चीनमध्ये चित्र आणि सुलेखन ही एकाच कुंचल्याची, शाईची आणि कागदाची भावंडे. तिथला श्वान कागद शाई पिऊन घेतो. उमटलेली रेघ पुसता येत नाही. कोरी जागाही तिथे बोलते. चौदाव्या शतकातील नी झान यांच्या निसर्गचित्रांत अलीकडचा काठ आणि पलीकडचे डोंगर यांमध्ये रंगवलेले काहीच नसते. तेच पाणी असते. आज असे डोंगर रेशमावर छापणारे पोशाख पुष्कळ निघतात. त्यांत डोंगर राहतात, पण पाण्याचे नुसते पांढरे कापड होते. आकार आला, शाईचा स्वभाव आला नाही.

तो मला सापडतो ग्वांगडोंगमधील श्यांगयुनशा या रेशमात. कंदाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवलेल्या या कापडाच्या एका बाजूला नदीचा लोहयुक्त चिखल फासतात. रसातील टॅनिन आणि चिखलातील लोह यांच्या संयोगाने ती बाजू काळी होते, दुसरी तांबूस राहते. आपल्या कलमकारीत हिरडा आणि लोखंड यांतून होणारा काळा रंग याच जातीचा. शेनचेनच्या वेशकार लिआंग झी यांनी हे कापड आधुनिक पोशाखांत आणले. त्यावर डोंगर नाही, बांबू नाही. तरी काळ्याच्या छटा आहेत आणि वापरागणिक मुरत जाणारा पोतही. जुन्या चिनी अंगरख्याप्रमाणे सैल, सपाट बेतले, तर अंग आणि कापड यांमधली मोकळी जागा नी झान यांच्या पाण्याचे काम करते. याला चित्रप्रेरित म्हणणे काहींना ताणलेले वाटेल. मला मात्र छापील डोंगरांपेक्षा हे चित्राच्या अधिक जवळचे वाटते.

अलीकडे आपल्याकडेही मोडी अक्षरांच्या साड्या दिसतात. वळणे सुरेख असतात. वाखाणण्यापूर्वी मी आता मजकूर लावून पाहतो. मोडी मला थोडी येते, म्हणून ही सवड मिळते. चिनीच्या बाबतीत ती मिळाली नव्हती.