तळटिपेची जबाबदारी

आपल्या त्रैमासिकाचा अंक जुन्या घराण्यांतील कागदपत्रांना वाहिलेला असेल असे जाहीर झाल्यावर बडोद्यातून व बाहेरगावांहून नऊ निबंध आले. ते वाचून अभिप्राय देण्याचे काम संपादक मंडळाने आमच्यावर सोपवले. आमची हयात महसुली संचिका वाचण्यात गेली. कागद आणि त्यावरील तारीख यांकडे आधी पाहावयाचे ही सवय त्या नोकरीने लावली, एवढीच आमची पात्रता. सर्व निबंध कळकळीने लिहिलेले होते आणि बहुतेकांची भाषाही चांगली होती. तरी त्यांतील सहा निबंध वाचून आम्ही अस्वस्थ झालो. त्याविषयी येथे स्पष्ट लिहावयाचे आहे, आणि त्यात आमच्या स्वतःच्या चुकीचाही भाग आहे.

निबंध पाठवण्याचे जे नियम अलीकडे विद्यापीठीय नियतकालिके छापतात, त्यांचे ओझे आपल्या सभासदांनीही मनावर घेतलेले दिसते. समास किती, अक्षराचा आकार केवढा, गोषवारा किती शब्दांचा, बीजशब्द किती, हे सारे बहुतेकांनी नीट पाळले होते. एका सभासदांनी तर वाङ्मयचौर्याची तपासणी करून घेतल्याचा दाखला जोडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही; या निबंधाचे साम्य त्याहून पुष्कळ कमी होते. ते तसे असणारच. घरातल्या रुमालातून काढलेले मोडी पत्र जगात दुसरीकडे कोठे छापलेलेच नसेल, तर यंत्राला त्याचे साम्य सापडणार कोठून? ते पत्र चुकीचे वाचले असते तरी दाखला हाच मिळाला असता.

टंकाचा प्रश्न मात्र खरा आहे. श्रीलिपीत टंकलिखित केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कालवा दिसतो, आणि मुद्रिते तपासणाऱ्याचे डोळे जातात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये युनिकोडचा आग्रह धरणारा निर्णय काढला. आपणही तोच मार्ग धरावा, याहून अधिक त्यावर लिहिण्यासारखे नाही.

संदर्भांकडे वळू. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा प्रत्येक पत्राला लेखांक दिला. ज्यांची उमेदीची वर्षे आपल्या बडोद्यात गेली त्या रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले. तेथेही प्रत्येक कागदास क्रमांक आहे. पुढच्या आवृत्तीत पृष्ठे बदलली तरी लेखांक बदलत नाही, आणि शंका आलेला वाचक नेमक्या त्याच पत्रापाशी पोहोचतो. आपल्या निबंधांत मात्र 'राजवाडे, खंड १' एवढ्यावर भागवलेले आढळले. घरच्या कागदांबाबत तर 'आमच्या संग्रहातील एक पत्र' याखेरीज काही नाही. कोणत्या रुमालातले, किती बंदांचे, कोणाच्या ताब्यातले, केव्हा पाहिलेले? शेवटी जोडलेल्या ग्रंथसूचीत आडनाव आधी, आद्याक्षर नंतर, मग कंसात वर्ष, असा परदेशी शिरस्ता मात्र काटेकोर पाळला आहे. त्यामुळे 'कुलकर्णी, ग.' नावाचे तीन ग्रंथकार एकाखाली एक बसले असून त्यांतले कोण कोणते, हे त्यांच्या वडिलांची नावे गाळल्यामुळे कळण्याची सोय उरलेली नाही.

सर्वांत मोठा घोळ तारखांचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, हे आपण शाळेत शिकलो. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, हे त्याच वेळी शिकवायला हवे होते. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८, शके १६८२ रोजी झाला. १६८२ मध्ये ७८ मिळवा, १७६० येतात. पानिपत १४ जानेवारी १७६१ चे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असल्याने तेथे कोणी फसत नाही. पण घराण्यातील अनाम पत्राला असा पाठीराखा नसतो. शुहूर सनाचेही तेच. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१; हे वर्ष मृगात सुरू होते, म्हणून पावसाळ्यातील पत्रास ५९९ आणि जानेवारीनंतरच्या पत्रास ६०० मिळवावे लागतात. त्यात आपण राहतो गुजरातेत, जेथे विक्रम संवत कार्तिकात बदलतो. ग्वाल्हेर-इंदूरकडील सभासदांची अडचण याहून वेगळी. तिकडच्या हिंदी कारकुनांचे महिने पौर्णिमेला संपणारे. आपला फाल्गुन वद्य पक्ष तो त्यांचा चैत्र कृष्ण. तिथीवरचा 'चैत्र' वाचून पत्र एक महिना पुढे ढकललेले एक उदाहरण या नऊ निबंधांतच निघाले. यास्तव मूळ मिती जशीच्या तशी प्रथम द्यावी, इसवी तारीख तिच्यामागून कंसात यावी, आणि तिथी फाटली असेल तर दोन्ही वर्षे लिहावीत.

उताऱ्यांची शुद्धी हाही एक रोगच म्हणावा लागेल. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, ते आपल्या आजच्या लेखनातून. जुन्या पत्रांतून ते काढण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? अक्षरजुळणी करणाऱ्याने 'सुधारलेले' पत्र पाहून भाषेच्या अभ्यासकाने काय करावे? भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत डॉ. सुकथनकरांनी जो पाठ पुरेसा निश्चित वाटला नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ दिली. एवढ्या मोठ्या पंडितास आपली शंका पानावर उमटवण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या निबंधांत मात्र फाटलेली जागा, पुसट अक्षर, अंदाजाने लावलेला शब्द, सारे एकाच ठाम ठशात छापावयास आले आहे.

आता आमच्या चुकीविषयी. नवांतील एक निबंध आमच्याहून वडील असलेल्या एका सभासदांचा होता. त्यांच्या पूर्वजांस आलेल्या एका पत्रात घोड्यांच्या दाण्यावैरणीची तजवीज करण्याचा हुकूम होता, आणि निबंधात त्याचे वर्ष 'इ. स. १७७९' दिले होते. १७८० च्या जानेवारीत फत्तेसिंगराव गायकवाडांनी जनरल गॉडर्डशी तह केला आणि फेब्रुवारीत अहमदाबाद इंग्रजांच्या हाती गेले. ही वैरण पुणे दरबारच्या बाजूने गोळा होत होती की इंग्रजांच्या नव्या स्नेह्यांकडून, हे सारे त्या पत्राच्या महिन्यावर अवलंबून होते. निबंध आमच्याकडे आला तेव्हा आम्ही काय केले? टंक जुना आहे, गोषवारा लांब आहे, सूची अकारविल्हे नाही, अशा तीन हरकती लिहून तो परत धाडला. तारखेची शंका आमच्या मनात आली होती. ती 'दुसऱ्या वाचनाच्या वेळी' विचारू म्हणून मागे ठेवली. नोकरीतली सवय, दुसरे काय.

निबंध युनिकोडमध्ये होऊन परत यायला पाच महिने लागले. आम्ही मिती विचारली. शके १७०१, ७८ मिळवले, असे उत्तर आले. तिथी त्यांनी टिपली नव्हती. वैशाख असेल तर १७७९ बरोबर, माघ असेल तर १७८०. मूळ पत्र पाहावे म्हणून आम्ही गेलो, तो दरम्यान वाडा पाडण्यास दिलेला आणि माळ्यावरचे रुमाल इतर अडगळीबरोबर गेलेले. लेखकांनी आम्हांस दोष दिला नाही. चहा दिला, आणि पत्र वाचताना त्यांच्या वडिलांनी कोणत्या शब्दावर बोट ठेवले होते ते सांगितले.

पुढील अंकासाठी येणाऱ्या निबंधांबाबत आम्ही संपादक मंडळास सुचवले आहे की मूळ कागदाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, मोजपट्टी शेजारी ठेवून, प्रथम मागवावीत. समास व टंक यांचे काय ते नंतर पाहता येईल. तो निबंध याच अंकात छापला आहे. लेखकांच्या संमतीने 'इ. स. १७७९' च्या जागी 'शके १७०१ (इ. स. १७७९-८०)' असे केले असून त्याखाली आम्ही एकच तळटीप जोडली आहे: 'तिथी नोंदलेली नाही. मूळ पत्र आता उपलब्ध नाही.'