तुमचा विषय कोणता?

जानेवारी उजाडला की मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नवी सदरं सुरू होतात आणि डिसेंबरअखेर बहुतेकांचा समारोप होतो. साप्ताहिक सदर असेल तर पन्नासेक लेख, पाक्षिक असेल तर पंचवीस-सव्वीस. संपादकांचा फोन आला की लेखकाला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तुमचा विषय कोणता?’ उत्तर एका ओळीत बसावं लागतं, कारण तीच ओळ पुढे चौकटीत छापायची असते. किल्ले, कीटक, गुंतवणूक, पालकत्व, जुनी हिंदी गाणी, विस्मरणात गेलेले पदार्थ. ‘जे सुचेल ते लिहीन’ असं म्हणणाऱ्याला जागा मिळतेही, पण तो आधीच नावाजलेला असेल तर.

मराठी निबंधाचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न बऱ्यापैकी अलीकडचा आहे. लोकहितवादींनी 1848 ते 1850 या काळात ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहिली, तेव्हा राज्यकारभारापासून विधवांच्या स्थितीपर्यंत काहीही त्यांना वर्ज्य नव्हतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली आणि तिचे 84 अंक जवळजवळ एकहाती लिहिले. मराठी भाषेची अवस्था, डॉ. जॉन्सनचं चरित्र, लोकभ्रम, इतिहास, वक्तृत्व, गर्व असा सगळा पसारा त्यांत आहे. आजच्या एखाद्या पुरवणीप्रमुखाने हा मजकूर पाहिला असता तर ‘शास्त्रीबोवा, एक काहीतरी धरा’ असंच सांगितलं असतं. पण मालेचा सलग वाचक जाणतो की हा पसारा दिसतो तेवढा मोकाट नाही. जॉन्सनवर लिहितानाही शास्त्रीबोवांच्या डोळ्यांपुढे मराठी ग्रंथकार कसा असावा हाच प्रश्न आहे. विषय बदलतात, भांडण तेच राहतं.

विषयाचं बंधन पुरतं सुटलं ते 1926 नंतर. ना. सी. फडक्यांनी ‘रत्नाकर’ मासिकातून गुजगोष्टी सुरू केल्या. पाठोपाठ वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर लघुनिबंधाकडे वळले. आता कशावरही लिहिता येत होतं आणि त्या काळी ही मोठीच सुटका होती. उपदेशाचा अंगरखा काढून मराठी गद्य पहिल्यांदा गप्पा मारायला बसलं. पण पुढच्या वीसेक वर्षांत या गप्पांचा साचा झाला. सुरुवातीला एखादा किरकोळ प्रसंग, मग थोडी थट्टा, थोडा विक्षिप्त युक्तिवाद, आणि शेवटी हळूच सरकवलेलं चिंतन. विषय रोज नवा आणि लेख मात्र कालचाच. विषय न ठरवणारा लेखक मोकळा असतो, हा समज लघुनिबंधाच्या या घसरणीने खोडून काढला आहे. विषय नसलेल्या लेखनालाही एक विषय आपसूक चिकटतो. तो म्हणजे लेखकाची स्वतःची प्रसन्न मनःस्थिती. इतका अरुंद विषय दुसरा नसेल.

त्यातून मराठी ललित गद्याला बाहेर काढलं ते माझ्या मते दोन अभ्यासक बायकांनी. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि भारतीय नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आजही अभ्यासला जातो. मराठीत लिहिताना मात्र त्यांनी त्या विषयाची पाटी दारावर लावली नाही. ‘परिपूर्ती’त घर आहे, प्रवास आहे, पंढरीची वाटही आहे. वारीवरचा त्यांचा लेख भक्तिभावाने सुरू झाल्यासारखा वाटतो. पण एकाच दिंडीत चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या बायका जेवायला वेगवेगळ्या का बसतात, हे त्यांना दिसतंच. शास्त्राची शिस्त नजरेत असल्यामुळे त्या कुठेही गेल्या तरी त्यांचं लेखन सैल होत नाही.

दुसऱ्या दुर्गाबाई भागवत. त्यांचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे. ‘ऋतुचक्र’ म्हणजे बारा महिन्यांवरचे बारा लेख. आजच्या भाषेत अगदी आखीव मासिक सदर. त्याच दुर्गाबाईंनी लोकसाहित्यावर शास्त्रीय लेखन केलं, ‘व्यासपर्वा’त महाभारतातल्या व्यक्ती उलगडल्या, ‘पैस’मध्ये ज्ञानदेवांच्या खांबापाशी थांबल्या आणि ‘खमंग’मध्ये स्वयंपाकावरही लिहिलं. त्या एका वेळी एका विषयात पार बुडत आणि काम झालं की तिथून उठत. एक विषय की अनेक, असा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता तर त्यांनी विचारणाऱ्यालाच फैलावर घेतलं असतं, असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या टोकाला ठणठणपाळ. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवींनी या टोपणनावाने ‘घटका गेली पळे गेली’ हे सदर वर्षानुवर्षं चालवलं. त्याचा परीघ तरी केवढा? मराठी लेखक, प्रकाशक, संमेलनं, पुरस्कार आणि त्यांभोवतीचे रुसवेफुगवे. एवढ्याशा जगावर महिन्यामागून महिने लिहायचं म्हणजे तिसऱ्या वर्षी शाई वाळायला हवी होती. तसं झालं नाही, कारण दळवींना साहित्याची बातमी द्यायचीच नव्हती. मानासाठी आसुसलेला माणूस कसा वागतो, हा त्यांचा खरा विषय होता आणि त्यासाठी साहित्यिकांइतकी सोयीची जात त्यांना दुसरी सापडली नसती. शिवाय सोबत वसंत सरवट्यांची चित्रं होती, हे श्रेय विसरून चालणार नाही. मारुती चितमपल्लींनीही आयुष्यभर रानच लिहिलं. पण ते वनखात्याच्या नोकरीत रानात राहिले होते, एका वर्षाच्या सदरासाठी तिथे गेले नव्हते. शिरीष कणेकरांनी क्रिकेट आणि हिंदी सिनेमा ही दोन घरं सांभाळली आणि दोन्हीकडे त्यांची शेरेबाजी तीच राहिली.

अनेक विषयांवर लिहिणाऱ्यांची बाजू मांडायची तर साक्षीला अनिल अवचटच हवेत. बिहारमधल्या दुष्काळावरच्या ‘पूर्णिया’पासून हमाल, विडी कामगार, बुवाबाजी, व्यसनाधीनता, आणि मग ओरिगामी, लाकडातलं शिल्प, बासरी, स्वयंपाक. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे एखादी गोष्ट कशी होते ते जवळ बसून विचारत राहण्याची त्यांची चिकाटी. हळदीच्या धुळीत काम करणाऱ्या बाईला आणि कागदाच्या घडीला ते त्याच कुतूहलाने प्रश्न विचारतात. तरीही एक बोलायला हवं. जिथे अवचट दुसऱ्याच्या कष्टाकडे पाहतात तिथे त्यांची साधी वाक्यं वजनदार होतात. स्वतःच्या छंदांकडे वळल्यावर तीच वाक्यं कधीकधी पोकळ वाजतात. छंदांवरचं सगळंच लेखन तसं नाही, पण ‘मलाही हे जमलं’ या आनंदाशी लेख थांबतो तेव्हा फडक्यांचं भूत दाराशी उभं दिसतं.

आज सदर लिहिण्याची कला कुठे आहे? विषयवार पुरवण्यांनी एक मोठं काम केलं हे आधी मान्य करू. अर्थ, घर, करिअर, आरोग्य अशी पानं वेगळी झाल्यामुळे जे एरवी कधी मराठीत लिहितेच झाले नसते ते कीटकतज्ज्ञ, वकील, भूगर्भशास्त्रज्ञ, कृषी संशोधक लिहू लागले. लघुनिबंधाच्या काळात हे लोक वाचकापर्यंत पोहोचण्याची शक्यता फार कमी होती. दिवाळी अंकांमध्ये तर ही वाटणी जुनीच आहे. ‘आवाज’ विनोदाला वाहिलेला आणि ‘धनंजय’ रहस्याला, हे वाचकाला अंक न चाळताही ठाऊक असतं.

अडचण त्या सव्वीस लेखांत आहे. पहिले सहा-सात लेख लेखकाने आयुष्यभर साठवलेलं असतं ते देतात. पुढचे चार-पाच वाचून लिहिलेले असतात. त्यानंतर विषयाची चौकट लेखकाला ओढत नेते. किल्ल्यांच्या सदरात गावाजवळची टेकडी किल्ला होते आणि पदार्थांच्या सदरात आजी दर पंधरवड्याला नवं काहीतरी रांधत राहते. विषय संपला आहे हे लेखकाला कळतं, संपादकाला कळतं आणि पान सोडून पुढे जाणाऱ्या वाचकालाही कळतं. जाहिरातदाराला मात्र ‘पर्यटन’ हे शीर्षक पानावर हवंच असतं.

त्यात मोबाइलने भर घातली आहे. कागदावर सदराला ठरलेला वार होता, ठरलेला कोपरा होता, वर लेखकाचं छायाचित्र होतं. मागच्या आठवड्याचा राग किंवा लोभ घेऊन वाचक तिथे परत यायचा. आता लेख पानापासून तुटून सुटा फिरतो. कधी लेखकाचं नावही गळतं आणि तो पु. लं.च्या किंवा व. पुं.च्या नावावर गावभर हिंडतो. अशा वेळी ‘कशावरही पण माझ्या पद्धतीने’ लिहिणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण त्याची पद्धत ओळखीची व्हायला सलग वाचन लागतं. एका विषयाच्या लेखकाला निदान विषयाचा दोरा उरतो. म्हणून आजच्या नवख्या लेखकाने विषय धरला तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही.

एक तिसरी वाटही आहे आणि ती उपहासकारांनी जिवंत ठेवली आहे. ‘तंबी दुराई’ या नावाने श्रीकांत बोजेवारांनी ‘दोन फुल एक हाफ’ लिहिलं. तिथे विषय बातमी आणून देते आणि स्थिर राहतो तो मुखवटा. मुखवट्याला मत असतं, खोड असते, बोलण्याची लकब असते, त्यामुळे विषय बदलला तरी वाचक चुकत नाही. धोका एवढाच की लकब बातमीपेक्षा मोठी झाली की दर आठवड्याला तोच विनोद नव्या माणसावर होतो. ठणठणपाळाच्या अनेक वारसदारांचं असं झालं आहे.

या सगळ्याची समीक्षा मात्र कुठे होत नाही. कादंबरीवर परिसंवाद होतात, कवितेवर वाद होतात, आणि सदर म्हटलं की ‘वाचकप्रिय’ एवढं म्हणून विषय मिटतो. सदराचं पुस्तक निघालं की परीक्षणात माहिती किती रंजक आहे ते सांगतात. लेखन पंधराव्या प्रकरणानंतर कसं ढिलं पडलं ते कुणी सांगत नाही. दहा लेखांचा विषय दहा लेखांतच संपवू देणारा संपादक क्वचित भेटतो. निदान पुस्तक करताना सव्वीसातले बारा लेख गाळावेत, तर पुस्तकाला पानं लागतात, म्हणून तेही होत नाही.