आठवण ठेवणारी तार

येवल्याची पैठणी पारखताना जाणकार पदर उलटून पाहतात. मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असेल, तर हात खरा. नाशिकच्या माझ्या डोळ्यांना ही सवय आहे. त्याच सवयीने मी अन्ननलिकेत बसवायचा धातूचा स्टेंट हाती घेतला आणि विणीवरच नजर थबकली.

तार नायटिनॉलची. निकेल-टायटॅनियमचा हा मिश्रधातू आपला आकार विसरत नाही. विणलेल्या जाळीला तापवून आकार शिकवतात, मग दाबून करंगळीहून बारीक नळीत मिटवतात. डॉक्टर ती नळी कर्करोगाच्या गाठीने आवळलेल्या जागेतून नेतात आणि वरचे आवरण मागे ओढतात. जाळी उलगडू लागते. पूर्ण फुलायला एक-दोन दिवस घेते. ही विलंबित लय मला फार मोलाची वाटते. १९२४ साली हेन्री साउटर या ब्रिटिश शल्यविशारदाने जर्मन सिल्व्हरच्या तारेची गुंडाळी याच कामी वापरली. तिला आत शिरतानाच आपली पूर्ण रुंदी न्यावी लागे. हा स्टेंट लहान होऊन जातो आणि तिथे सुमारे २ सेंटीमीटरची वाट करतो.

खरी प्रतिभा अस्तरात आहे. जाळी उघडी ठेवली तर गाठ छिद्रांतून आत वाढते. पूर्ण झाकली तर ती जागेवरून घसरू शकते. म्हणून काही स्टेंटना मध्यभागी अस्तर आणि सनईच्या मुखासारख्या पसरट टोकांना उघडी वीण असते: गाठीला दार बंद, निरोगी भिंतीला धरायला जागा. तरीही छातीत दुखते, कधी कडेवरून गाठ वाढते, घास अडकतो. हे उणेपण मान्य करूनच या वस्तूचे मोल करावे. ती रोग बरा करण्याचे वचन देत नाही. वचन देते ते घासाचे.

नाशिकच्या नामको, मानवता यांसारख्या कर्करोग रुग्णालयांत खानदेशातूनही माणसे येतात. अन्ननलिकेच्या कर्करोगात आधी भाकरी अडकते, मग भात, मग पेज, शेवटी स्वतःची थुंकीसुद्धा. स्टेंट हाच क्रम उलटा वाचतो: आधी घोटभर पाणी, मग पेज, मग मऊ भात, ताठ बसून, सावकाश.

भाकरी मात्र दुधात कुस्करूनच.